छोट्या इंजिनाचा हिवाळा : वेंगुर्ल्याजवळच्या शेडमधल्या कामाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

तुळशीचं लग्न आटपलं आणि शेडचे दोन्ही दरवाजे सताड उघडले. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो अशा या पट्ट्यात वेल्डिंग, रंग, लाकूडकाम, जे काही जपून करायचं ते आता ते शिमगा एवढ्यातच. युरोपातल्या वारसा रेल्वे हिवाळ्यात इंजिनं कारखान्यात घेतात, कारण तेव्हा प्रवासी नसतात. नेरळ-माथेरानला उलट, तिथे पावसाळ्यात घाटातली गाडी बंद राहते आणि थंडीत ती धावायला हवी. आपल्याकडे चालवायची गाडीच अजून नाही. आपण हिवाळा धरतो तो कोरड्या हवेसाठी.

शेडमध्ये काय आहे ते नवीन मंडळींसाठी एकदा लिहून ठेवतो. बर्लिनच्या ऑरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीचं चार चाकांचं छोटं इंजिन, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ६१० मिमी, पाण्याची टाकी दोन्ही फ्रेमच्या मध्ये खाली. घाटावरच्या एका साखर कारखान्यात ऊस ओढून दमलेलं. सोबत त्याच कारखान्याचा साहेबांच्या फेरीसाठीचा सागवानी डबा, आणि बागेतून काजूच्या कडेने जाणारा थोडासा रूळ. माथेरानची सुरुवातीची वाफेची इंजिनं याच कंपनीची आणि याच गेजची. ती सहा चाकांची आणि वळणांसाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचे सरकते आस असलेली. त्यातलं ७३८ क्रमांकाचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. आपलं त्यांच्यापुढे अगदी लहान, पण नात्यातलं.

या हंगामाची कामं: बॉयलर आतून तपासणे, मागच्या आसाची बेअरिंग, डब्याची जमीन आणि छप्पर, फ्रेमचा गंज. रंग सगळ्यात शेवटी. पोरांचं म्हणणं, शिमग्याला वाफ काढू या. परळच्या काकांनी त्यावर मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही.

२४ नोव्हेंबर

बॉयलर धुतला. सगळे वॉशआउट प्लग, म्हणजे धुण्याच्या भोकांची बुचं, काढली. दोन प्लग इतके धरले होते की आदल्या रात्री डिझेल आणि तेल सोडून ठेवावं लागलं, मग लांब दांड्याच्या पान्ह्याने सुटले. खालच्या कोपऱ्यांतून आधी लाल पाणी आलं, मग चिखल, मग पांढरट करड्या कपच्या. कपच्या म्हणजे घाटावरचं पाणी. काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी जड. ते उकळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम पत्र्यावर बसतं. तो थर उष्णता अडवतो, त्यामुळे पाण्याच्या बाजूला पत्रा झाकलेला आणि आगीच्या बाजूला तापत राहणारा. काही कपच्या दोन सूत जाड निघाल्या. त्या डब्यात भरून तारीख टाकून ठेवल्या आहेत, फेकू नयेत.

काका रबरी नळी घेऊन एकेका भोकातून पाणी मारत होते आणि खाली बसून बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग बघत होते. पाणी स्वच्छ आलं तरी दुसऱ्या भोकातून परत. रेल्वेच्या परळच्या वर्कशॉपमध्ये ते अप्रेंटिस म्हणून लागले ते बॉयलर शॉपमध्येच. आमच्या भागातले कितीतरी पुरुष असेच परळ-माटुंग्याच्या कारखान्यांत गेले, फिटर, बॉयलरमेकर, लोहार झाले आणि निवृत्त होऊन गावी आले. त्यांच्या हातात काय आहे हे त्यांच्या घरच्यांनाही पुरतं माहीत नसतं. मला या प्रकल्पाचा सगळ्यात मोठा लाभ तोच वाटतो.

१ डिसेंबर

पाण्याचाच विषय पुढे. बागेतल्या विहिरीचं पाणी तपासून आणलं. जांभ्यातलं पाणी ते: कठीणपणा नावाला, पण सामू (पीएच) सहाच्या खाली. पोरांना वाटलं की मऊ पाणी म्हणजे बॉयलरला उत्तम, थर बसणारच नाही. थर बसणार नाही हे खरं. पण आम्लाकडे झुकलेलं, प्राणवायू विरघळलेलं पाणी पोलादाला थेट खातं, आणि सगळीकडे सारखं खात नाही. बारीक खड्डे पाडत जातं. थर दिसतो, खड्डा कपची निघाल्याशिवाय दिसत नाही. घाटावरच्या पाण्याने या बॉयलरवर बसवलं, आपलं पाणी त्याच्यातून काढून नेईल.

ठरलं ते असं. विहिरीचं पाणी नुसतं कधीच भरायचं नाही. सोडा ॲश घालून बॉयलरमधलं पाणी साधारण साडेदहा ते अकरा सामूवर ठेवायचं आणि प्राणवायूसाठी टॅनिन. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यात असतं तेच, पण म्हणून कुणी हिरड्याची पूड टाकायची नाही. मापून मिळणारं बॉयलरचंच आणायचं. भरतीच्या बाजूच्या विहिरीचं पाणी तर हंडाभरही नको, त्यात मीठ उतरतं. प्रत्येक वेळी भरण्याआधी सामू मोजून वहीत लिहिणे. ही वही शेडच्या बाहेर जाणार नाही.

८ डिसेंबर

पत्र्यांची जाडी मोजली. कुडाळ एमआयडीसीतून अल्ट्रासॉनिक यंत्र आणि ते चालवणारा मुलगा आला होता. फायरबॉक्सच्या, म्हणजे आग पेटते त्या पेटीच्या, पत्र्यांवर खडूने चौकटी आखल्या, प्रत्येक चौकट कानशीने चकचकीत केली आणि आकडे घेतले. पत्रा मूळचा दहा मिमीचा. वरच्या भागात ९.२ ते ९.६, म्हणजे चांगलाच. डाव्या बाजूला अगदी खाली, फाउंडेशन रिंगच्या (फायरबॉक्सच्या बुडाच्या कड्याच्या) थोडं वर, एका पट्ट्यात आकडे उतरत गेले: ८.१, ७.३, ६.९, ६.४.

जागा बरोबर तीच, जिथे चिखल साठतो. इंजिन बंद पडल्यावर तळातलं पाणी पूर्ण काढलं गेलं नसणार, आणि ओला गाळ वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून राहिला. बॉयलरमधून धूर नेणाऱ्या ट्यूबांची भिंतही मोजली. स्मोकबॉक्सकडची, म्हणजे पुढच्या धुराच्या पेटीकडची टोकं पातळ आहेत, पण ट्यूबा बदलायच्याच आहेत, त्याची चिंता नाही.

काकांनी आकडे पाहून एवढंच म्हटलं, "ह्या शिमग्याक वाफ काढूची नाय."

१५ डिसेंबर

पावसाळी ढग, दमट. रंगाचं काम नाही. मडगार्ड सोडवले, बोल्ट तेलात.

२२ डिसेंबर

स्टे ठोकून पाहिले. फायरबॉक्सचे आतले आणि बाहेरचे पत्रे एकमेकांना बांधून ठेवतात ते हे स्टे. वाफेचा दाब दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून ढकलत असतो आणि सगळा ताण यांच्यावर. काका आत वाकून बसले, बाहेरून मी जड हातोडा टेकवून धरला, आणि ते आतून लहान हातोडीने एकेक ठोकत गेले. धड स्टे खणखणीत वाजतो आणि हातोडी उसळते. तुटलेला बद्द वाजतो. दोन बद्द निघाले, दोन्ही वरच्या ओळीच्या टोकाला, जिथे पत्रा तापून सगळ्यात जास्त हलतो.

त्यातल्या एकाचं बारीक भोक वेल्डिंगच्या थेंबाने बुजवलेलं सापडलं. स्टेच्या टोकाला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. स्टे आत तडकला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ गळते आणि बाहेरच्या माणसाला कळतं. कुणीतरी कधीतरी ती गळती "दुरुस्त" केली होती, म्हणजे इशाराच बंद केला होता. हे पाहून काका जितके चिडले तितके मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरांना बोलावून प्रत्येकाला आत डोकं घालून ते भोक बघायला लावलं.

दुपारी पोरांशी सविस्तर बोललो, कारण शिमगा त्यांच्या मनातून जात नव्हता. दहा किलो दाबाला बॉयलरमधलं पाणी साधारण १८४ अंशांवर असतं आणि तरी पाणीच असतं, दाबामुळे. पत्रा फाटला तर दाब एकदम सुटतो आणि त्या पाण्याचा एक भाग क्षणात वाफ होतो. मोकळ्या हवेत वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. फुटतो तो बॉयलर याच्यामुळे. ६.४ मिमीचा पत्रा आणि दोन तुटके स्टे घेऊन बागेत लोकांना बोलवायचं नाही. कुणी वाद घातला नाही. एकाने विचारलं, मग पुढच्या वर्षी नक्की? त्यालाही हो म्हटलं नाही. पत्रा ठरवेल.

इंजिन खासगी असल्याने बाष्पक म्हणजे बॉयलर कायदा आपल्याला लागू. म्हणजे पातळ पत्र्याच्या जागी लावायच्या ठिगळाचा आराखडा मंजूर करून घेणे, प्रमाणपत्र असलेली प्लेट, परवानाधारक बॉयलर वेल्डर, आणि मग निरीक्षकांसमोर पाण्याच्या दाबाची चाचणी. कागद तयार करायला घेतले. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. मला या कागदांचा आधार वाटतो. आपल्यापेक्षा जास्त बॉयलर पाहिलेला एक माणूस आपल्याशी काही नातं नसताना आत डोकावणार, याहून चांगलं काय?

५ जानेवारी २०२५

आजचा दिवस बेअरिंगचा, आणि फार सुंदर गेला.

मागची बाजू गेल्या आठवड्यातच उचलून स्लीपरच्या चवडीवर बसवली होती. चेनकुप्पीवर उचललं, पण चेनकुप्पीवर भरवसा ठेवून कुणी खाली गेलं नाही. चवड पूर्ण झाल्यावरच. ॲक्सलबॉक्स, म्हणजे आसाच्या बेअरिंगची पेटी, उघडला तर तेलाच्या गादीत बारीक वाळू. समुद्राची वाळू वाऱ्याने इतक्या आत येते. धूळपट्टी नव्याने कापून बसवायची, आणि यावेळी लोकरीचीच.

बेअरिंगचा जुना व्हाइट मेटल (आतला मऊ धातू) वितळवून काढला, पितळी कवच घासून, फ्लक्स लावून कथलाचा पातळ हात दिला. हा हात नीट बसला नाही तर वरचा धातू नुसता टेकून राहतो, धरत नाही. साचा, कवच, पळी, सगळं आधी तापवून कोरडं केलं. इथल्या हवेत साध्या लोखंडी पळीवरही डोळ्यांना न दिसणारा ओलावा असतो, आणि वितळलेल्या धातूखाली ओलावा सापडला तर तो उडतो. चष्मे, चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्या. तापमापक होता, चारशेच्या आसपास दाखवत होता, तरी काकांनी सुक्या बांबूची काडी बुडवून पाहिली. काडी तपकिरी झाली पाहिजे. पेटली तर धातू जास्त तापलाय. तपकिरी झाली. एका दमात ओतलं, मध्ये न थांबता.

थंड झाल्यावर लेथवर बोअर, मग मार्किंग ब्लू (ठसा उमटवणारा निळा रंग) लावून आसावर बसवणे, काढणे, जिथे निळा लागला तिथे स्क्रेपरने खरवडणे. परत बसवणे. संध्याकाळपर्यंत निळा ठिपक्या-ठिपक्यांनी सगळीकडे सारखा उतरायला लागला. शेवटचे हात आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने दिले, आयटीआयला फिटरच्या पहिल्या वर्षाला आहे ती. काकांनी तिच्या हातातून स्क्रेपर एकदाही घेतला नाही.

१२ जानेवारी

डबा. मालवणहून होड्या बांधणारे मेस्त्री आले. रेल्वेचा डबा त्यांनी कधी हाताळलेला नाही, पण लाकूड, खारी हवा आणि पाणी हे त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार? आल्यावर त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. पटाशीचं टोक घेऊन प्रत्येक खांबाच्या बुडाशी, प्रत्येक खिडकीच्या चौकटीखाली टोचत गेले. "सागवान चांगला आसा. पाणी खंयसून भितर जाता ता आधी बघूक व्हया."

पाणी आत जात होतं खिडक्यांच्या खाचांतून. काच खाली सरकते ती पोकळी तळाला बंद. पावसाचं पाणी तिथेच उभं राहायचं. खालची आडवी तुळई त्यामुळे तीन जागी कुजली आहे, बाकी सगळं लाकूड ठणठणीत. मेस्त्रींचा सल्ला: कुजकं कापून तिरक्या सांध्याने नवीन सागवान जोडायचं, आख्खी तुळई बदलायची नाही, आणि खाचांच्या तळाला पाणी निघून जाण्याची वाट ठेवायची. मूळ डब्यात अशी वाट नव्हती. जुन्याची तंतोतंत नक्कल हवी असं आपल्यातल्या काहींचं मत आहे, त्यावर बोलणं झालं. मी मेस्त्रींच्या बाजूने. हा डबा कोरड्या माळरानासाठी बांधला होता. इथे जगायचा तर त्याला पाणी टाकता आलं पाहिजे. बदल वहीत चित्रासह नोंदवला आहे, पुढच्या कुणाला तो मूळचा वाटू नये.

सांध्याला गोंद लावण्याआधी सागवान थिनरने पुसायचं, त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद धरत नाही. स्क्रू पितळी.

१९ जानेवारी

फ्रेमचा रंग. वर्षातले हे दोन-तीन आठवडेच काय ते खरे उपयोगाचे.

पहाटे दव इतकं पडतं की फ्रेम धुतल्यासारखी ओली असते. दहाच्या सुमाराला ऊन आणि मतलई वारा मिळून ती सुकवतात. बारानंतर वारा फिरतो, समुद्राकडून येतो आणि मीठ घेऊन येतो. म्हणजे प्रायमरला हाती दोन तास. आज दहा वाजता हवा २७ अंश, आर्द्रता साठ टक्के. दवबिंदू एकोणीसच्या आसपास येतो आणि लोखंड २४ अंश. लोखंड दवबिंदूच्या वर किमान तीन अंश हवं, ते होतं. सुरू केलं. बारा वाजता डबे बंद, उरलं ते उद्या. रंग मारलेल्या भागावर ताडपत्री, अंगाला न टेकवता.

त्याआधी आठवडाभर गंज ठोकणे आणि गोड्या पाण्याने धुणे चाललं होतं. धुणं टाळलं तर प्रायमरखाली मीठ कोंडलं जातं आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. जुन्या रंगाखाली शेंदरी थर लागला. तो शेंदूरच, जवसाच्या तेलात घोटलेला, पूर्वीचा नेहमीचा प्रायमर. शेंदूर म्हणजे शिसं. सुकं घासायचं नाही, पाणी मारत खरवडायचं, मास्क लावायचा, निघालेला कचरा झाकणाच्या पिंपात. त्या दिवसांत लहान मुलांना शेडकडे येऊ दिलं नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर गावातले लोक बघायला आले. आजच्याच तारखेला १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं १९९५ मध्येच थांबली होती. म्हणजे इथल्या माणसांच्या दारात रेल्वे आली ती डिझेलवरच. म्हाताऱ्या माणसांना वाफ माहीत आहे ती आगबोटीची. एक आजी इंजिनाच्या धुराड्याला हात लावून बराच वेळ उभ्या होत्या. वेंगुर्ल्याच्या बंदरातून होडीने आगबोटीपर्यंत जायचं आणि मुंबईला उतरायचं, नवरा गिरणीत. त्यांचं बोलणं मुलीने फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. अशी बोलणी जमवायला हवीत, हेही कामच.

९ फेब्रुवारी

डब्याची तुळई जोडली, जमिनीच्या फळ्या बसल्या. छपरावर कॅनव्हास ताणला, पहिला हात दिला. खाचांत बादलीभर पाणी ओतून पाहिलं; खालून सगळं निघून गेलं.

१६ फेब्रुवारी

आंब्याच्या फवारणीचे दिवस, निम्मे हात बागांत. ठिगळाचा आराखडा बाष्पके संचालनालयाकडे दिला. दोन स्टे आणि त्यांच्या शेजारचे चार बदलायचे असंही त्यातच लिहिलं. तुटलेल्याचा भार शेजाऱ्यांनी इतकी वर्षं उचलला आहे, ते धड वाजले तरी थकलेले असणार.

मंजुरी आली तरी वेल्डिंग पुढच्या थंडीतच. नंतर दीडपट दाबाची पाण्याची चाचणी. पोरांनी विचारलं, हवेने का नाही, कॉम्प्रेसर तर आहे. पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही, त्यामुळे गळलं तर दाब लगेच उतरतो आणि गोष्ट तिथेच संपते. दाबलेली हवा सगळी ताकद साठवून बसते. बॉयलरला हवेचा दाब कधीही द्यायचा नाही. हे वाक्य कॉम्प्रेसरवर रंगवून टाकलं आहे.

२ मार्च

बॉयलर पावसाळ्यासाठी कोरडा करून ठेवला. सगळं पाणी काढलं, तळाच्या कोपऱ्यांतलं चिंध्यांनी टिपलं, मंद शेगडी ठेवून आतली हवा तापवली. मग पसरट थाळ्यांत कळीचा चुना आत सरकवला. तो ओलावा ओढून घेतो. थाळ्या अर्ध्याच भरायच्या, चुना विरला की फुगतो. सगळे प्लग बंद, धुराड्याला टोपी. फ्रेममधली टाकीही रिकामी करून झाकण उघडं ठेवलं आहे.

चुना मेच्या शेवटी एकदा बदलायचा आणि मग गणपतीपर्यंत दर महिन्याला बघायचा. विरलेला दिसला की लगेच नवीन. किल्ली काकांकडे, दुसरी आयटीआयवाल्या मुलीकडे. थाळी काढताना ज्याने काढली त्याने तारीख, चुन्याची स्थिती आणि आपलं नाव वहीत लिहावं. ट्यूबांची ऑर्डर दिवाळीआधी द्यायची आहे, मापं वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.